भटारखाना म्हणू नका!

मुंबईचं गेटवे ऑफ इंडिया तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. शाळेच्या सहलीत, नाहीतर सुट्टीत मामाकडे गेल्यावर. कबुतरं पाहायची, फोटोवाल्यांना "नको नको" म्हणायचं, घारापुरीच्या लाँचेस मोजायच्या... आणि मग मागे वळलं की समोर दिसतो ताजमहाल हॉटेलचा तो मोठ्ठा घुमट आणि खिडक्यांच्या रांगाच रांगा.

"आई, आत कोण राहतं गं?"

"बाबा, एका रात्रीचे किती पैसे घेत असतील?"

"आपण जायचं का एकदा?"

यावर बाबा बहुतेक "चल, लाँच सुटेल!" असं म्हणून विषय बदलतात. खरं ना?

तर दोस्तांनो, आज आपण अशा मोठ्या हॉटेलात जाणार आहोत. पण पुढच्या, दरबान सलाम करतो त्या दाराने नाही. मागच्या दाराने! जिथून रोज पहाटे, दुपारी आणि रात्री कामावरची माणसं आत शिरतात, त्या दाराने. कारण हॉटेल चालतं कसं, हे पुढच्या दारातून कधीच कळत नाही.

बहिणीचा टोमणा

आधी थोडी जुनी गोष्ट. जमशेटजी टाटा हे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलेलं आहे. या माणसाच्या डोक्यात एकाच वेळी चार मोठ्या कल्पना घोळत होत्या. पोलादाचा कारखाना, विज्ञानाची उच्च शिक्षणसंस्था, पाण्यापासून वीज आणि मुंबईत एक असं हॉटेल, की जगातल्या कुठल्याही शहराने तोंडात बोट घालावं!

पहिल्या तिन्ही गोष्टींना घरात कुणाची हरकत नव्हती. पण हॉटेल म्हटल्यावर त्यांची एक बहीण म्हणे चकितच झाली. विज्ञानसंस्था काढणारा, लोखंडाचा कारखाना उभारणारा आपला भाऊ आता चक्क भटारखाना काढणार? असं ती त्यांना म्हणाली, अशी आठवण सांगतात. भटारखाना म्हणजे पैसे घेऊन लोकांना जेवू घालण्याची जागा. थोडक्यात, भल्या माणसाने करण्याजोगा धंदा नव्हे, असा त्या बोलण्याचा अर्थ!

जमशेटजींनी टोमणा ऐकून घेतला आणि काम चालू ठेवलं. आता गंमत पाहा. पोलादाचा कारखाना, बंगळूरची विज्ञानसंस्था आणि खोपोलीचं वीजकेंद्र, ही तिन्ही स्वप्नं त्यांच्या मृत्यूनंतर पुरी झाली. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पुरं होताना पाहिलं ते एकच. तो 'भटारखाना'! १६ डिसेंबर १९०३ रोजी ताजमहाल हॉटेल उघडलं आणि पाचच महिन्यांनी, मे १९०४ मध्ये, जमशेटजी जर्मनीत वारले.

त्यांनी हे हॉटेल का बांधलं? तुम्ही एक गोष्ट ऐकली असेल. फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या एका हॉटेलाने त्यांना दारातून परत पाठवलं आणि त्या अपमानातून ताज उभं राहिलं. गोष्ट छान आहे, पण तिला पक्का पुरावा मिळत नाही. पक्कं आहे ते असं, की १८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली होती. माणसं शहर सोडून पळत होती, व्यापार बसला होता. अशा खचलेल्या शहरात जमशेटजींनी आपला पैसा घातला. मुंबईवर त्यांचा एवढा जीव होता.

वैद्यांचा नकाशा

या इमारतीच्या आराखड्याशी एक मराठी नाव जोडलेलं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? सीताराम खंडेराव वैद्य! त्यांनी आणि डी. एन. मिर्झा यांनी नकाशे केले. पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज इंजिनियरने काम तडीस नेलं. बांधकाम होतं सोराबजी कॉन्ट्रॅक्टर यांच्याकडे.

गेटवेवर तुम्हाला कुणीतरी हमखास सांगेल, "अरे, हे हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलंय! पुढची बाजू मागे आणि मागची पुढे!" ही निव्वळ थाप आहे बरं का. पूर्वी मुख्य दार शहराच्या बाजूला होतं, कारण पाहुण्यांच्या घोडागाड्या शहराकडूनच येणार होत्या. आणि समुद्राच्या बाजूला गेटवे ऑफ इंडिया तरी कुठे होतं? ते १९२४ साली पुरं झालं. म्हणजे हॉटेल गेटवेपेक्षा २१ वर्षांनी मोठं!

हॉटेल उघडलं तेव्हा पाहुणे होते अवघे १७. पण आत काय काय होतं! विजेचे दिवे, विजेवर चालणारी लिफ्ट, अमेरिकेतून आणलेले पंखे, तुर्की पद्धतीची वाफेची न्हाणीघरं. मुंबईतल्या घराघरांत तेव्हा रॉकेलचे कंदील जळत होते, हे लक्षात घ्या. आज मोठ्या हॉटेलांत 'स्पा' नावाचा विभाग असतो. तेल लावून अंग रगडणं, वाफ घेणं, शांत पडून राहणं. तुमची आजी दिवाळीत पहाटे तेल-उटणं लावून कढत पाण्याने न्हाऊ घालते ना, त्याचाच हा थाटामाटाचा भाऊ म्हणा!

उद्यापर्यंत न टिकणारा माल

आता धंद्याकडे वळू. हॉटेल काय विकतं? "खोल्या!" असं तुम्ही म्हणाल. चूक! खोली तर जागच्या जागीच राहते. हॉटेल विकतं रात्र. एका खोलीची एक रात्र.

आणि हा माल फार नाजूक असतो. वाण्याच्या दुकानातली साबणाची वडी आज खपली नाही तर उद्या खपते. भाजीवाली संध्याकाळी मेथीची जुडी निम्म्या भावात देऊन टाकते. पण आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. उद्या विकाल ती उद्याची रात्र. आजची गेली ती गेलीच! एसटीच्या रिकाम्या सीटसारखं. गाडी डेपोतून सुटली की त्या सीटचं तिकीट कोण घेणार?

जरा हिशेब करू. समजा, एका हॉटेलात १०० खोल्या आहेत आणि एका रात्रीचं भाडं १०,००० रुपये आहे. आज ७० खोल्या भरल्या. म्हणजे सात लाख आले. उरलेल्या ३० खोल्यांचे तीन लाख कायमचे बुडाले. पण खर्च थांबला का? मुळीच नाही. वरांड्यातले दिवे चालू, लिफ्ट चालू, लोकांचे पगार चालू, बागेला पाणी चालू. खोली रिकामी म्हणून रखवालदाराला अर्ध्या रात्रीची सुट्टी देता येत नाही!

म्हणून तर हॉटेलांचे दर सारखे बदलत असतात. समुद्रकाठच्या रिसॉर्टचंच घ्या. रिसॉर्ट म्हणजे कामासाठी नव्हे, तर निवांत राहण्यासाठी बांधलेलं हॉटेल. गोव्यात नाताळच्या आठवड्यात जी खोली मागून मिळत नाही, तीच ऐन पावसाळ्यात बऱ्याच कमी दरात मिळते. मालक उदार झाला म्हणून नव्हे हं. पूर्ण दराने रिकामी ठेवण्यापेक्षा कमी दराने भरलेली बरी, म्हणून!

आणि एवढं करूनही वाईट दिवस येतातच. साथीचा रोग, युद्ध, दंगल, पूर, काहीही झालं तरी सर्वांत आधी थांबतो तो प्रवास, आणि प्रवास थांबला की हॉटेल ओस पडतं. २०२० साली कोरोनाच्या टाळेबंदीत हे साऱ्या जगाने पाहिलं. तेव्हा ताजसह टाटांच्या काही हॉटेलांतल्या खोल्या मुंबईच्या डॉक्टर-नर्सेसना राहायला दिल्या होत्या. दिवसभर कोरोनाच्या रुग्णांत काम करून घरी गेलं तर घरच्यांना धोका, म्हणून. ही इमारत अशी कामाला येण्याची ती पहिली वेळ नव्हती. पहिल्या महायुद्धात तिथे ६०० खाटांचं इस्पितळ झालं होतं!

अर्ध्या तासात एक खोली

चला, आता मागच्या दाराने आत. इथे संगमरवर नाही, झुंबरं नाहीत. साधी फरशी, पाइप, ढकलगाड्या आणि धावपळ. मोठ्या हॉटेलच्या पोटात असं एक दुसरं हॉटेल दडलेलं असतं. पाहुण्याला ते दिसता कामा नये, हाच नियम!

सर्वांत मोठी फौज असते हाउसकीपिंगची, म्हणजे स्वच्छता आणि टापटीप ठेवणाऱ्यांची. एका माणसाच्या वाट्याला आठ तासांच्या पाळीत साधारण बारा ते पंधरा खोल्या येतात. चौदा खोल्या धरल्या आणि अर्ध्या तासाला एक म्हटली, तर सात तास झाले. उरलेल्या एका तासात जेवण, गाडी भरणं, सामान मोजून परत देणं. गप्पा मारायला वेळ कुठाय?

आणि हे काम कसंही करून चालत नाही. आधी दार वाजवायचं, आपण कोण ते सांगायचं, थांबायचं, पुन्हा वाजवायचं. आत गेल्यावर पडदे उघडून सगळे दिवे लावून पाहायचे. एखादा गेला असेल तर तेव्हाच कळतो. पलंगावरच्या वापरलेल्या चादरी काढायच्या, नव्या घालायच्या. चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडून गादीखाली असे घट्ट खोचायचे, की सुरकुती शोधून सापडू नये. धूळ पुसताना दारापासून सुरुवात करून एकाच दिशेने गोल फिरत यायचं, म्हणजे एकही वस्तू सुटत नाही. जमीन झाडायची ती आतल्या टोकापासून दाराकडे. नाहीतर आपल्याच पावलांचे ठसे मागे राहतील!

आणखी एक नियम मला फार आवडला. टेबलावर पडलेला कागदाचा कपटासुद्धा फेकायचा नाही. कचऱ्याच्या टोपलीत असेल तोच कचरा. बाकी सारं पाहुण्याचं. त्या कपट्यावर कुणाचा तरी महत्त्वाचा फोन नंबर असू शकतो. आपल्या घरात दादाची वही रद्दीत जाते तेव्हा किती गोंधळ होतो, आठवा पाहू!

आता लाँड्रीत डोकावू. एका खोलीतून रोज चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल मिळून दहा कपडे निघाले असं धरू. १०० खोल्या म्हणजे रोज १,००० कपडे. आणि हॉटेलात एकाच खोलीसाठी तीन-चार जोड ठेवावे लागतात. एक पलंगावर, एक धुण्यात, एक घडी घालून मजल्यावरच्या कपाटात आणि एक कोठारात. हॉटेलच्या बोलीत याला 'पार' म्हणतात. चार पार म्हणजे ४,००० कपडे नुसते फिरत असतात! एखाद्या दिवशी धुलाईयंत्र रुसलं, तर खाली लॉबीत पाहुणे ताटकळतात आणि वर खोल्या चादरींची वाट बघत बसतात.

स्वयंपाकघरातली फौज

स्वयंपाकघराला 'फौज' म्हटलं तर ते खोटं नाही. सर्वांत वर मुख्य शेफ, म्हणजे सेनापती. त्याच्या हाताखाली सू शेफ. मग एकेका विभागाचा प्रमुख. कुणी तंदूर सांभाळणारा, कुणी मिठाई, कुणी ब्रेड-केक. आणि सर्वांत खाली कोमी, म्हणजे शिकाऊ गडी. तो पहिले कित्येक महिने कांदेच चिरतो. हसू नका. शेकडो माणसांच्या रश्शात प्रत्येक कांदा सारखा शिजायला हवा, तर तो सारखाच चिरलेला हवा. रडत रडत का होईना!

इथेही नियम पक्के. कच्चं मांस, कच्चे मासे, भाज्या-फळं यांच्यासाठी वेगवेगळ्या रंगांचे चिरायचे पाट. साधारणपणे मांसाला लाल, माशांना निळा, सॅलड-फळांना हिरवा. एकाचे जंतू दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. गार पदार्थ ५ अंश सेल्सियसच्या खाली आणि गरम पदार्थ ६० अंशांच्या वर ठेवायचे, कारण या दोहोंच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात. आईला हे जरूर सांगा. उरलेलं वरण रात्रभर ओट्यावर का ठेवू नये, त्याचं उत्तर यातच आहे.

स्वयंपाकघराची ही फौजी शिस्त घालून देणारा माणूस होता ऑगुस्त एस्कोफिए हा फ्रेंच शेफ. त्याचा जोडीदार होता सेझार रिट्झ. हा रिट्झ म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या एका गरीब शेतकऱ्याचं तेरावं मूल! वेटरची कामं करत करत तो वर आला आणि १८९८ साली पॅरिसमध्ये त्याने स्वतःच्या नावाचं हॉटेल उघडलं. जगातल्या राजेरजवाड्यांनी तिथे रांग लावली. आपल्याकडचं उदाहरण हवं? मोहनसिंग ओबेरॉय १९२२ साली सिमल्याच्या एका हॉटेलात ५० रुपये पगारावर कारकून म्हणून लागले. पुढे त्यांनी उभी केलेली हॉटेलं देशोदेशी गेली. दोघांनीही सुरुवात केली ती मागच्या दारानेच!

चाळीस भेटी

आता एक कोडं. पंख्याच्या कारखान्यात पंखा तयार झाला की तो तपासतात. बिघडलेला असेल तर बाजूला काढतात. हॉटेलात काय तपासणार? वेटरचं हसू आधी तपासून मग टेबलावर पाठवता येतं का?

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवस्थापन-मासिकात २०११ साली ताजवर एक लेख आला होता. रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी लिहिलेला. त्यात म्हटलंय, की एका दिवसाच्या मुक्कामात पाहुण्याची हॉटेलच्या माणसांशी सरासरी चाळीसहून अधिक वेळा गाठ पडते. दरबान, सामान उचलणारा, काउंटरवरची ताई, लिफ्टपाशी भेटलेला, चहा आणणारा, टॉवेल बदलणारी... आणि यांतल्या बहुतेक वेळी साहेब जवळ नसतो! त्या क्षणी चांगलं वागायचं की कंटाळून, हे त्या माणसाचं त्यानेच ठरवायचं.

मग अशी माणसं मिळवायची कुठून? ताजमध्ये भरतीसाठी मोठ्या महानगरांपेक्षा लहान शहरांतल्या मुलामुलींकडे जास्त लक्ष देत, असं त्या लेखात आहे. इंग्रजी थोडं कच्चं असलं तरी चालेल, ते शिकवता येतं. पण वडीलधाऱ्यांचा मान राखणं, दुसऱ्याचा विचार करणं, हे घरूनच यावं लागतं. आणि मग दीड वर्षाचं शिक्षण. त्यात एक धडा असा, की तुम्ही कंपनीची बाजू पाहुण्यापुढे मांडायची नाही, पाहुण्याची बाजू कंपनीपुढे मांडायची!

ऐकायला सोपं वाटतं. पण हा धडा किती खरा उतरला, ते एका रात्री कळलं.

ती रात्र

२६ नोव्हेंबर २००८. त्या रात्री समुद्रमार्गे आलेल्या दहा अतिरेक्यांनी मुंबईत अनेक ठिकाणी हल्ला केला. ताज हे त्यांतलं एक. त्या वेळी तुमच्यापैकी कुणाचा जन्मही झाला नसेल, पण आईबाबांना विचारा. त्या घुमटातून निघणारा धूर त्यांनी टीव्हीवर पाहिलेला आहे.

बुधवारची रात्र होती. हॉटेल पाहुण्यांनी भरलेलं होतं. गोळीबार सुरू झाला तेव्हा कामावरच्या माणसांना एक गोष्ट पाहुण्यांपेक्षा जास्त ठाऊक होती. मागचे रस्ते! आपण आत्ता ज्या दाराने आत आलो ना, ते दार. कुठल्या जिन्याने उतरलं की गल्लीत निघतं, हे त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं. ते सहज निघून जाऊ शकत होते. कुणी नावं ठेवली नसती.

पण बहुतेक जण थांबले. टेलिफोन ऑपरेटर आपल्या जागी बसून खोल्याखोल्यांत फोन करत राहिल्या, "दार लावा, दिवे बंद करा, बाहेर येऊ नका." एका मेजवानीची जबाबदारी २४ वर्षांच्या एका मुलीवर होती. तिने दारं बंद करून घेतली, दिवे मालवले, पाहुण्यांना टेबलांखाली बसवलं, पाणी दिलं आणि रात्रभर धीर दिला. सकाळी अग्निशमन दलाने त्यांना खिडकीतून सोडवलं. स्वयंपाकघरातली माणसं तर पाहुण्यांना मागच्या वाटेने बाहेर काढताना त्यांच्याभोवती कडं करून उभी राहिली. कालपर्यंत कांदे चिरणारी, ताटं लावणारी माणसं. त्यांतले काही जण घरी परतले नाहीत.

हॉटेलचे प्रमुख करमबीर कांग इतरांना बाहेर काढण्यात गुंतले होते, तेव्हा त्यांची पत्नी आणि दोन मुलं वरच्या मजल्यावर अडकली होती. ती वाचली नाहीत. कांग तरीही आपल्या जागेवरून हलले नाहीत.

ताजमध्ये त्या हल्ल्यात ३१ जणांचा जीव गेला. त्यांत पाहुणेही होते आणि हॉटेलची माणसंही. पण बाराशेहून अधिक लोक सुखरूप बाहेर आले. "अशा वेळी जीव धोक्यात घाला" असं कुठल्याही नियमपुस्तकात लिहिलेलं नव्हतं. कुणी तसा हुकूमही दिला नव्हता. मग हे आलं कुठून? मला वाटतं, रोज कुणी पाहत नसताना जो माणूस चादरीचा कोपरा नीट खोचतो, त्याला कुणी पाहत नसताना नीट वागायची सवयच लागते. मोठं धैर्य काही अचानक आकाशातून पडत नाही. ते अशा लहान लहान सवयींतून साठत जातं.

त्याच वर्षी २१ डिसेंबरला हॉटेलचा नवा भाग पुन्हा उघडला. जुनी इमारत दुरुस्त व्हायला मात्र वेळ लागला. तिचं दार उघडलं १५ ऑगस्ट २०१० रोजी.

मग हे काम हलकं कसं?

आता थोडं आईबाबांशी. मुलगा किंवा मुलगी "मला हॉटेल मॅनेजमेंट करायचंय" म्हणाली, की अजूनही कित्येक घरांत तोच सूर निघतो. "एवढं शिकून हॉटेलात बशा विसळणार?" शंभरहून अधिक वर्षं झाली, तरी भटारखान्याचा टोमणा काही संपत नाही!

या कामात कष्ट आहेत, हे लपवायचं कारण नाही. आठ-दहा तास उभं राहावं लागतं. दिवाळी, गणपती, नवं वर्ष, म्हणजे सगळे मजा करतात तेव्हाच इथे कामाची गर्दी. सुरुवातीचा पगार फारसा नसतो. रागावलेल्या पाहुण्यापुढेही आवाज चढवायचा नाही, आणि काही पाहुणे खरोखरच वाईट बोलतात. कष्टांचा हा हिशेब मुलांना आधीच सांगा. पण "लोक काय म्हणतील" हा हिशेब त्यात धरू नका.

शिकायचं कुठे? १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने या विषयाची संस्था सुरू झाली. तीच आजची मुंबईची 'इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट'. अशा सरकारी संस्था आता देशभर आहेत. कुठल्याही शाखेची बारावी इंग्रजी विषय घेऊन झाल्यावर राष्ट्रीय पातळीवरची प्रवेशपरीक्षा देता येते.

आणि मुलांनो, या धंद्यात जायचं नसलं तरी एवढं करा. पुढच्या वेळी हॉटेलात गेलात, मग ते पंचतारांकित असो की कोपऱ्यावरचं उडप्याचं, पाणी आणून देणाऱ्या दादाकडे बघून "थँक्यू" म्हणा. ताटातलं अन्न टाकू नका. आणि पुन्हा कधी गेटवेला गेलात, तर त्या उजळलेल्या खिडक्यांकडे एकदा नीट पाहा. आतल्या पाहुण्याचा विचार तर सगळेच करतात. तुम्ही त्या खिडकीची काच पुसणाऱ्याचा करा.

करून पाहा

१. येत्या रविवारी घरातला एक पलंग हॉटेलसारखा लावा. जुनी चादर काढण्यापासून शेवटचा कोपरा खोचेपर्यंत किती मिनिटं लागली? तेवढ्याच वेगाने चौदा पलंग लावायला किती वेळ लागेल?

२. तुमच्या घरात चादरींचे 'पार' किती, ते मोजा. माणशी किती जोड येतात?

३. एक दिवस घरी पाहुणे येतील तेव्हा यजमान तुम्ही व्हा. पाणी, चहा, बसायला जागा, निघताना दारापर्यंत पोचवणं, सगळं तुमच्याकडे. रात्री आठवून लिहून काढा, की पाहुण्याशी तुमची किती वेळा गाठ पडली आणि त्यांतल्या किती वेळा तुम्ही हसून बोललात. अगदी खरं खरं लिहायचं हं!

हॉटेलची बोली

फ्रंट ऑफिस: पाहुण्यांचं स्वागत, खोल्या देणं आणि हिशेब सांभाळणारा, दर्शनी काउंटरवरचा विभाग.

चेक-इन, चेक-आउट: खोली ताब्यात घेणं आणि सोडणं.

नाइट ऑडिट: सगळे झोपल्यावर दिवसभराचे हिशेब जुळवण्याचं काम. हॉटेलचा दिवस या कामाने संपतो!

लॉस्ट अँड फाउंड: पाहुणे विसरून गेलेल्या वस्तूंची नोंद आणि कपाट. चष्म्यापासून बाहुलीपर्यंत सारं काही तिथे नाव-तारखेसह जपून ठेवतात.